मरीन ड्राइव्हवर जिओकॅश बसवायची आहे: डबी कुठे, कसली, आणि मुळात ठेवावी का?

कठडेकर

नरिमन पॉइंट ते गिरगाव चौपाटी या पट्ट्यात एक जिओकॅश बसवायचा बेत आहे. खेळ माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी: एकाने डबी (तिलाच 'कॅश' म्हणतात) लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर तिच्या पानावर द्यायचे. बाकीच्यांनी फोनवर जीपीएस लावून ती शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि होती तिथेच परत ठेवायची. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. त्याच आठवड्यात, ३ मे रोजी, ओरेगॉनमध्ये पहिली बादली लपवली गेली. तेव्हापासून हे वेड चालू आहे.

प्रश्न असे. कठड्यावर किंवा दिव्याच्या खांबावर डबी टिकेल का? पावसाळ्यात कागद कोरडा कसा ठेवायचा? पोलिसांचं काय? आणि साडेतीन किलोमीटरमध्ये एकच ठेवावी की चार-पाच?

चर्नीरोड_पश्चिम

मरीन ड्राइव्हवर कॅश लपवली आहे असं वाचून चप्पल घालून निघालो होतो. रोख नाही कळल्यावर परत काढली.

हवालदिल

कठडेकर, टिकेल का हे नंतर बघू. आधी ती डबी बघून बाकीच्यांना काय वाटेल ते बघा. ट्रायडेंट-ओबेरॉय याच रस्त्याच्या टोकाला आहे. २००८ नंतर या भागात बेवारस वस्तूचा एकच अर्थ निघतो: बॉम्बशोधक पथक, कुत्रा आणि बंद रस्ता.

त्यामुळे परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारी लष्करी दारूगोळ्याची हिरवी पेटी इथे बाद. दोन्ही तोंडांना टोपणं लावलेला पीव्हीसी पाइप बाद. काळी चिकटपट्टी, वायर, सेल, लुकलुकणारा दिवा, सगळं बाद. अपारदर्शक आणि मुठीपेक्षा मोठं काहीही नको.

पुष्कळ जण म्हणतात, "जिओकॅश, धोका नाही" असं तीन भाषांत लेबल लावा. लावाच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. संशयास्पद वस्तूला हात लावायचा नाही हाच तर नियम आहे. मग लेबल वाचायला जवळ जाणार कोण?

पेटीधारी

एवढं घाबरायचं तर घरी बसून कॅरम खेळा. नॅनो डबी पेन्सिलच्या मागच्या खोडरबराएवढी असते. चुंबकाने खांबाला चिकटवली की तिच्या बाजूला बसून कणीस खाणाऱ्यालाही कळत नाही.

नॅनोबाई

पेटीधारी, कणीस खाणाऱ्याला नाही कळत, पण खाऱ्या हवेला कळतं. नॅनोतलं निओडायमियम चुंबक निकेलच्या पातळ मुलाम्यावर जगतं. मुलामा एका टाचणीएवढा फुटला की आतून गंजाचा भुगा होतो. समुद्राकडच्या बाजूला एक पावसाळा काढला तरी खूप. चुंबक वापरायचंच तर ते डबीच्या आत, इपॉक्सीत पूर्ण बुडवून बसवा. आणि जागेवर जाऊन आधी नुसतं चुंबक लावून बघा. जस्त चढवलेल्या लोखंडी खांबाला चिकटतं, अ‍ॅल्युमिनियमला नाही, ३०४ जातीच्या स्टेनलेसलाही जवळजवळ नाही. चिकटलं तरी खांबांना रंग देणारे डबीसकट रंगवून जातात. मग ती खांबाचाच अवयव होते आणि झाकण फिरत नाही.

आता पावसाचं. फिल्मच्या रिळाची डबी घेऊ नका, तिचं झाकण हवाबंद नसतं. सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ म्हणजे पेट बाटलीचा प्रीफॉर्म, म्हणजे फुगवण्याआधीची जाड नळी. बाटल्या बनवणाऱ्यांकडे मिळते, सॉफ्ट ड्रिंकचं साधं झाकण तिला बसतं आणि भिंत बाटलीपेक्षा कितीतरी जाड असते. पारदर्शक असल्यामुळे हवालदिल यांचा मुद्दाही सांभाळला जातो. फक्त ती उघडी टांगू नका. उन्हाने झाकण ठिसूळ होतं आणि आधी तेच तडकतं.

ओ-रिंगला व्हॅसलिन फासायची सवय असते. रिंग नेमक्या कुठल्या रबराची आहे हे माहीत नसेल तर ते टाळा, काही रबरं त्याने फुगतात. सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला जेमतेम चमक येईल इतकंच.

उधाण

नॅनोबाईंना अनुमोदन, एक भर घालतो. डबी भरायचा दिवस निवडा. जुलैत बंद केलेल्या डबीत जुलैची हवाच कोंडली जाते. रात्री डबी गार झाली की आतल्या आत दव धरतं आणि लोक म्हणतात झाकण गळतं. जानेवारी-फेब्रुवारीत, कोरड्या दिवशी दुपारी, कागद अर्धा तास उन्हात ठेवून मग भरा. सिलिका जेलची एक पुडी टाका, पण नॅनोत ती मावणार नाही आणि मोठ्या डबीतही दर पावसाळ्यानंतर बदलावी लागते.

आणि भरतीचं कोणी बोललंच नाही. जून ते सप्टेंबर साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. त्या वेळेला वारा असेल तर लाट कठड्यावरून थेट रस्त्यावर येते. कठड्याच्या समुद्राकडच्या अंगाला ठेवलेलं काहीही त्या दिवशी जातं, आणि शोधणारा तिथे वाकलेला असेल तर तोही.

वेळ काढायची जुनी रीत: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, पौर्णिमेला सव्वाअकरा. ही भरतीची वेळ. पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, ओहोटी अधेमधे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, म्हणजे कमी चढणारी भरती.

दशांशचिन्ह

रीत छान आहे, पण ढोबळ आहे. पौर्णिमेला मुंबईत पाणी बाराच्या सुमाराला टोकाला येतं. शिवाय तिथीवरून वेळ कळते, पाण्याची उंची नाही. कॅशच्या पानावर भरती-ओहोटीचं कोष्टक बघायला सांगा, पंचांग नको.

उधाण

कोष्टक बघाच. पण फोनची बॅटरी संपली तरी कालनिर्णय भिंतीवरच असतं.

वाडीवाला

टेट्रापॉडमध्ये ठेवली तर? कोणाचा हात पोचणार नाही, रंगवणारेही जाणार नाहीत.

हवालदिल

शोधणाऱ्याचा तरी का पोचावा? ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे लाटेचा जोर मोडायला टाकलेत, एकेक दोनेक टनाचा. मधल्या फटी अरुंद, शेवाळलेल्या आणि खाली कुठवर जातात ते वरून कळत नाही. पाय अडकला की अग्निशमन दल. शिवाय तिथे उंदीर आहेत. प्लास्टिक कुरतडायला त्यांना सवड भरपूर. टेट्रापॉडवर कॅश नको, हे माझ्या मते या धाग्याचं पहिलं कलम.

पेटीधारी

या कलमाला माझीही सही. पण खांब, बाक, कुंड्या तर आहेत? वेबसाइटच्या नियमानुसार दोन डब्यांत १६१ मीटर अंतर हवं, म्हणजे मैलाचा दहावा भाग. ३.६ किलोमीटरमध्ये २२ अंतरं, डब्या २३. एका संध्याकाळी २३ सह्या!

दशांशचिन्ह

२३ बसणार नाहीत. अंतर सरळ रेषेत मोजतात, रस्त्याच्या वळणाने नाही, आणि हा रस्ता गळ्यातल्या हारासारखा वळतो. शिवाय आधीच कोणाच्या मिस्टरी कॅशची (कोडं सोडवल्यावरच जागा कळते अशा कॅशची) शेवटची डबी या पट्ट्यात असेल तर ती नकाशावर दिसत नाही, तिच्याभोवतीचे १६१ मीटरही गेले. म्हणून आधी कॅशचं पान कच्चं भरून रिव्ह्यूअरला (वेबसाइटसाठी पान तपासणाऱ्याला) जागा मोकळी आहे का विचारायचं, डबी मग चिकटवायची. लोक उलटं करतात.

शिलालेख

थोडं वेगळं सुचवतो. १६१ मीटरचा नियम प्रत्यक्ष ठेवलेल्या वस्तूंना आहे. ज्या टप्प्यावर फक्त काहीतरी बघायचं, वाचायचं किंवा मोजायचं असतं त्याला तो लागू नाही. म्हणजे मल्टी-कॅश, टप्प्याटप्प्याने शोधायची कॅश, करा. मरीन ड्राइव्हवर पाच-सहा बघायचे टप्पे आणि डबी एकच, तीही कठड्यापासून दूर.

बघायला काय कमी आहे? २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूहात इथल्या इमारती आहेत. वीर नरिमन रोडच्या कोपऱ्यावरचं सूना महल १९३७ चं, त्याचा गोल कोपरा आणि वरचा मनोरा लांबून ओळखू येतो. कपूर महल, झवेर महल, केवल महल हे त्रिकूट आहे. खिडक्यांवरच्या भुवईसारख्या छज्ज्यांचे पट्टे, जिन्याच्या उभ्या खिडक्या, फाटकाच्या जाळीतले किरण, नावाची अक्षरं. सगळं फुटपाथवरून दिसतं, कोणाच्या आवारात शिरावं लागत नाही. आणि वारसा इमारतीला डिंकाचा एक थेंबही लावावा लागत नाही. तो लावायची परवानगी मिळणारही नाही, आणि मागूही नये.

पेटीधारी

म्हणजे पर्यटन खात्याची सहल. प्रत्येक टप्प्यावर सही नाही तर मजा काय?

शिलालेख

शेवटी डबी आहेच की. मधे डबी नाही, एवढंच.

दशांशचिन्ह

शिलालेख यांची कल्पना उचलायची तर आकड्यांची रचना नीट करा, तिथेच अशा मल्टी फसतात. टप्प्यांवरची उत्तरं शेवटच्या डबीच्या अक्षांश-रेखांशातले अंक म्हणून भरायची असतात. कॅशचे अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. मरीन ड्राइव्हसाठी ढोबळमानाने उत्तर १८° ५६.xxx, पूर्व ७२° ४९.xxx. दशांशानंतरचा तिसरा अंक एकाने चुकला तर अक्षांशात १.८५ मीटरचा फरक. दुसरा चुकला तर साडेअठरा मीटर. पहिला चुकला तर १८५ मीटर, म्हणजे पुढचा चौक. रेखांशात आपल्याकडे हेच अंतर थोडं कमी, तिसऱ्या अंकाला सुमारे पावणेदोन मीटर.

त्यामुळे जिथे मोजण्यात चूक होऊ शकते (छज्ज्याचे पट्टे, पायऱ्या) ती उत्तरं तिसऱ्या अंकात घाला. पक्की उत्तरं, म्हणजे दगडात कोरलेला आकडा वगैरे, पहिल्या अंकात. बहुतेक जण टप्पे येतील त्या क्रमाने अंक भरत जातात आणि डळमळीत उत्तर नेमकं पहिल्या अंकात जाऊन बसतं. शिवाय "सहाही अंकांची बेरीज अमुक" असा ताळा पानावर द्या.

दुसरी नेहमीची चूक: १८° ५६.५००' हे १८.५६५००° असं फोनमध्ये टाकणं. दोन्ही आकडे असे टाकले तर ठिकाण नैऋत्येला पन्नासेक किलोमीटर सरकतं. भर अरबी समुद्रात.

चर्नीरोड_पश्चिम

तिथे टेरेन रेटिंग (वाट किती अवघड, १ ते ५) काय द्याल?

दशांशचिन्ह

५. होडी लागली की ५.

तिरपागडे

इमारतीच्या नावातली अक्षरं मोजायला सांगणार असाल तर आधी ठरवा: "केवल महल" सहा अक्षरं, ठीक. पण जोडाक्षर एक की दोन? अनुस्वार मोजायचा का? पाटी रोमनमध्ये असेल तर उत्तर निराळंच. या एका प्रश्नावर शंभर प्रतिसाद पडू शकतात, या संस्थळाचा इतिहास साक्षी आहे.

शिलालेख

बरोबर. अक्षरं नकोत. रंग नको, दर काही वर्षांनी बदलतो. दुकानाचं किंवा हॉटेलचं नाव तर अजिबात नको. घरबसल्या शोधून मिळेल असंही नको. चौपाटीवरच्या लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी १८५६ आणि १९२० ही सालं विचारलीत तर पुण्यात बसून कोणीही सांगेल. मोजायला लावा: अमुक फाटकाच्या जाळीत किती किरण, अमुक कोपऱ्यावर किती आडवे पट्टे. आणि प्रत्येक उत्तराचा फोटो स्वतःकडे ठेवा, म्हणजे डागडुजीत काही बदललं तर कळेल.

गारगोटी

अवांतर: अर्थकॅशचा विचार केलात का? त्यात डबीच नसते. जागेचं भूशास्त्र समजून प्रश्नांची उत्तरं मालकाला पाठवायची, उत्तराची वाट न बघता 'सापडली' अशी नोंद करता येते. फक्त टेट्रापॉड किंवा भराव यावर चालणार नाही, विषय नैसर्गिक घडणीचा हवा. मरीन ड्राइव्ह स्वतःच बॅक बेच्या भरावावर आहे आणि डेको इमारती आरसीसीच्या. पण थोडं आत फोर्टात शिरलात तर मालाडचा पिवळसर दगड, कुर्ल्याचा बेसाल्ट आणि पोरबंदरचा चुनखडक शेजारीशेजारी भेटतात. पोरबंदरी दगडावर भिंग धरलं तर सूक्ष्म सागरी जीवांची कवचं दिसतात.

वाडीवाला

धाग्यावर या. शेवटची डबी कुठे? गिरगावात एखाद्या इराण्याच्या गल्ल्यावर ठेवायला दिली तर? पाऊस नाही, चोरी नाही, वर चहा.

नॅनोबाई

नाही चालणार. शोधणाऱ्याला दुकानात शिरावं लागतं, कर्मचाऱ्याशी बोलावं लागतं किंवा काही विकत घ्यावं लागतं, अशी कॅश व्यावसायिक धरून नाकारतात. वाचनालय चालतं. महापालिकेची बाग चालते, उद्यान खात्याची लेखी परवानगी असेल तर. पण बागेच्या वेळा पानावर द्याव्या लागतात, आणि जागामालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खणून पुरायचं नाही. सोसायटीच्या कुंपणाची बाहेरची बाजूही चालते, सेक्रेटरीचं पत्र असेल तर.

वाडीवाला

सेक्रेटरीचं पत्र! त्यापेक्षा युनेस्कोचं लवकर मिळेल.

हवालदिल

पत्र मिळालं तरी खरा परवाना वॉचमनचा. दिवसपाळी आणि रातपाळी, दोघांना डबी उघडून दाखवा. त्यांना माहीत असेल तर शोधणारा चोर ठरत नाही आणि डबी बेवारस ठरत नाही. कठड्यावर नेमकं हेच जमत नाही. तिथे रोज बघणारा कोणी नाही आणि जबाबदार माणूस विचारावा तर रस्ता ए वॉर्डात सुरू होऊन डी वॉर्डात संपतो.

बाहेरून येणाऱ्यांसाठी पानावर आणखी एक ओळ घाला. साधा जीपीएस किंवा फोन आणायला हरकत नाही, पण उपग्रहावरून निरोप पाठवणारी यंत्रं, गार्मिनचं इनरीच वगैरे, भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय चालत नाहीत. विमानतळावरच अडकायला होतं. ड्रोनने शोधायचा तर विचारही नको.

पेटीधारी

बरं, मल्टी मान्य. पण जीपीएसचं काय? नरिमन पॉइंटला काटा नाचतो.

दशांशचिन्ह

उंच इमारतींवर आपटून सिग्नल उशिरा येतो, म्हणून नाचतो. कठड्यावर निम्मं आकाश मोकळं असतं आणि इमारती सहा पदरी रस्त्यापलीकडे, त्यामुळे तिथे बरा चालतो. शेवटची डबी गल्लीत ठेवणार असाल तर तिथेच खरी अडचण. तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी, फोन पाच मिनिटं स्थिर ठेवून वाचन घ्या आणि सरासरी काढा. जीपीएसची एल-५ ही जादा वारंवारता पकडणारा फोन असेल तर परावर्तित सिग्नल ओळखायला त्याची मदत होते. तरीही काटा दहा मीटरवर हलत असेल तर पानावर नेमकी खूण द्या. "हिरव्या फाटकाच्या डावीकडे, कमरेच्या उंचीवर" एवढं लिहिलं की कोणी लोकांच्या कुंड्या उचलून बघत नाही.

तिरपागडे

हिरवं फाटक पुढच्या दिवाळीला निळं.

दशांशचिन्ह

"फाटकाच्या डावीकडे." झालं समाधान?

कठडेकर

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. आता ठरलं ते असं. कठड्यावर काही ठेवणार नाही. नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या टोकापासून सुरुवात, पाच बघायचे टप्पे, सगळे फुटपाथवरून मोजता येतील असे. डबी मलबार हिलच्या पायथ्याशी एका सोसायटीच्या कुंपणाला बाहेरून, बारीक साखळीने. प्रीफॉर्म नळी, वर पारदर्शक डबा, त्यावर तीन भाषांत लेबल आणि कॅशचा क्रमांक. सेक्रेटरीचं पत्र येत्या सभेनंतर. डिफिकल्टी (शोधायला किती अवघड) २, टेरेन १.५ धरतो आहे.

नॅनोबाई

टेरेन १.५ ठीक. १ म्हणजे व्हीलचेअरवरून डबीपर्यंत हात पोचायला हवा, ते नीट मोजल्याशिवाय देऊ नका.

बाकी तीन गोष्टी. मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये स्वतः जाऊन डबी उघडा. कोणी "सापडली नाही" असं लागोपाठ दोनदा लिहिलं तर कॅश तात्पुरती बंद करून मग तपासा. आणि न सापडल्यावर खिशातली दुसरी डबी ठेवून सही करून जाणारे असतात. तसं करू नका म्हणून पानावर आधीच लिहा, नाहीतर दोन डब्या होतात आणि दोन्हींत सह्या.

उधाण

टप्प्यांसाठी वेळही सुचवा. गणपती विसर्जनाच्या दिवसांत चौपाटीकडचा टप्पा विसरा. जानेवारीत मॅरेथॉनच्या रविवारी सकाळी संपूर्ण रस्ताच विसरा. आणि प्रिन्सेस स्ट्रीट पुलाच्या पुढे कोस्टल रोडमुळे बरंच बदललं आहे, जुना नकाशा बघून टप्पा ठरवू नका. बाकी दिवशी सूर्यास्ताआधी दीड तास सुरू केलं की पट्टे मोजायला उजेड पुरतो.

पेटीधारी

सेक्रेटरीने नाही म्हटलं तर माझ्याकडे एक नॅनो पडून आहे.

नॅनोबाई

चुंबक तपासा आधी.

चर्नीरोड_पश्चिम

पहिली सही माझी. डबीत पेन असेल ना?

नॅनोबाई

पेन्सिल. पेनची शाई पहिल्याच पावसाळ्यात पसरते. आणि टोक काढून ठेवा हो कठडेकर, शार्पनर कोणी आणत नाही.